फुलांच्या चौकटीतला दादा

शाम शुई पो, हाँगकाँग
१२ फेब्रुवारी १९९४

चि. युक-सिम हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

सगळं क्षेम आहे, असं लिहायला हात धजत नाही. काल जे पाहिलं त्याने माझी बोबडीच वळली.

आमच्या जुन्या विनोदी चित्रपटांची आठवण म्हणून नवा चित्रपट काढलाय, हे तुला कळवलंच होतं. जुन्या मंडळींना एकेक बारीकसारीक काम दिलं, मला कोणी विचारलंसुद्धा नाही. वर्षभर धुमसत होतो. तरी सणाचे दिवस म्हणून दोस्तांना घेऊन काल तो पाहायला गेलो. पिठाच्या परातीत बुडणारा आचारी, एकाच विजारीत अडकलेले दोघे, सगळं आमचंच. पोरांनी बरं केलंय, पण पडायचं कसं ते अजून येत नाही.

शेवटी दिवंगत नटांचे फोटो आले आणि फुलांच्या चौकटीत मी! शेजारची बाई डोळे पुसत होती. मी ताडकन उठलो, तेवढ्यात दिवे लागले. माझं तोंड पाहून ती किंचाळली आणि खुर्च्यांवरून उड्या टाकत पळाली. तिच्यामागे अख्खी रांग.

आपल्या चिनी नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी भांडण होतं, या भीतीने कोणी कोणाकडे जात नाही, तरी आज दिग्दर्शक आला. चेहरा पांढराफटक. तुझ्या वहिनीच्या अस्थी ठेवल्यात, तिथल्या दगडावर तिच्याशेजारी माझंही नाव नि फोटो आहे. मी जिवंत असल्याची खूण म्हणून त्यावर लावलेला लाल कागद पावसात गळून गेला होता. त्याच्या माणसाने पाहिलं आणि मला मेलेल्यांत धरलं. बिचाऱ्याने, प्रेताचं काम करणाऱ्या नटाला अपशकुन टळावा म्हणून देतात तसं पैशांचं लाल पाकीट दिलं, चित्रपटातून फोटो काढून टाकतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. सिम, ते मला विसरले नव्हते गं. लोक माझ्यासाठी रडले. एवढं सुख मला टाळ्यांनीही दिलं नाही.

औषधं वेळेवर घे. या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
साय-लोक

व्हँकुव्हर
२५ फेब्रुवारी १९९४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तो चित्रपट इथेही लागला होता. तुझं पत्र यायच्या आधीच मी शेजारणीबरोबर जाऊन आले.

शेवटी दिवंगतांमध्ये तुझा फोटो पाहिला. माझं हृदय नाजूक म्हणून घरच्यांनी लपवलं असणार, असंच वाटलं. रोज तुझा नंबर फिरवायला घ्यायचे आणि फोन ठेवून द्यायचे. दुसऱ्याच कोणी उचलला असता तर? केसांत सुतकाचं पांढरं फूल लावलं. लोक सांत्वनाला येऊन गेले.

मग तुझ्या अक्षरातलं पाकीट आलं. जाण्याआधी टाकलेलं असेल म्हणून तुझ्या फोटोपुढे ठेवलं, उघडवेना. काल उघडलं, तेव्हा कुठे कळलं की तू जिवंत आहेस. नंतर असा संताप आला की तू समोर असतास तर वडीलधारा आहेस हे विसरले असते.

लोक रडले म्हणून तुला सुख झालं. दादा, त्यांत मी होते. तो फोटो काढून टाकायला लाव.

हे मिळताच फोन कर. मी अजूनही नंबर फिरवू शकत नाही. तुझा फोन उचलला तरी मला बोलणं जमणार नाही, म्हणून आधी तू बोल. नेहमीसारखा लोभ आज मागत नाही. आवाज ऐकव.

तुझी,
सिम