पंखावरचा बर्फ

ता. ६ जानेवारी

ती. आत्यास,
टकळीचा सा. न. वि. वि.

फोन केला की तू हटकून डाव्या कानाला लावतेस आणि वर मलाच झापतेस की घशात बोळा बसलाय का म्हणून. तेव्हा आता पत्रच. निदान अक्षर तरी तुला ऐकू येईल.

आमच्या प्रशिक्षण केंद्रात खिडक्या नसलेला एक उंच हॉल आहे. त्यात सहा लोखंडी पायांवर एक पांढरं धूड उभं असतं. पाण्याच्या टाकीला पाय फुटले तर दिसेल तसं. हेच ते सिम्युलेटर, म्हणजे जमीन न सोडणारं विमान. छोटा पूल ओलांडून आत गेलं की मात्र खरंखुरं कॉकपिट. दार लागतं, पूल मागे सरतो, आणि पाठीमागे यंत्रावर बसणाऱ्या बाई विचारतात, पहाट देऊ की संध्याकाळ? चहा की कॉफी विचारावं तसं. मी नेहमी पहाट मागते. मग काचेपलीकडे आभाळ उजळत जातं. खाली एक गाव आहे, आत्या. रस्ते आहेत, नदी आहे, घराघरात दिवे आहेत, आणि माणूस एक नाही. कधीकधी वाटतं, विमान कुठेतरी शेतात टेकवावं आणि त्या गावातून चालत हिंडून यावं.

आता खरी बातमी. मी नापास झाले.

त्या सरावात आमचे मिशीवाले सर कॅप्टन होतात आणि मी त्यांची सहवैमानिक. धुक्यात उतरायचं असतं. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर उतरणं सोडून पुन्हा वर चढायचं, हा नियम. सर मुद्दाम नियम मोडतात आणि खाली खाली जात राहतात. मी त्यांना अडवायचं. एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा ठणकावायचं, तरी ऐकलं नाही तर विमान स्वतःच्या हातात घ्यायचं. मला उंचीचा काटा दिसत होता गं. मी म्हणाले, सर, उंची जरा... आणि पुढचं घशातच राहिलं. काच लाल झाली, म्हणजे विमान आपटलं, आणि सगळे आवाज एकदम बंद. चार वेळा केलं. चारही वेळा लाल.

सर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले की माझे हात पहिल्या प्रतीचे आहेत, पण तोंड विमानात बसताना मी घरीच विसरून येते. फेब्रुवारीत शेवटची संधी. त्यानंतर सामान बांधायचं.

बाबांना काही कळवू नकोस. कधीकधी वाटतं, आताच निघून यावं, निदान हाकललं असं तरी होणार नाही.

तुझ्या मायेवर विसंबून असलेली,
टकळी

---

ता. १३ जानेवारी

चि. टकळीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि दोन धपाटे.

एक धपाटा सामान बांधण्याच्या विचाराबद्दल. दुसरा, मी फोन चुकीच्या कानाला लावते हे चव्हाट्यावर आणल्याबद्दल.

लहानपणी तुझ्या तोंडाचा पट्टा असा चालायचा की दादा, म्हणजे तुझा बाबा, कापसाचे बोळे शोधायचा. म्हणून तर तुझं नाव टकळी. पण दारात कुणी मोठं माणूस आलं की तू पडद्यामागे. आणि आम्ही कौतुकाने सांगायचो, पोर किती शांत, मोठ्यांपुढे ब्र काढत नाही! तेव्हा दोष एकट्या तुझा नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तो तुला शिकवला, वर शाबासकीही दिली.

उपाय सांगते. उद्यापासून रोज एका मोठ्या माणसाची चूक त्याच्या तोंडावर सांग. न्हाव्याने कात्री वाकडी धरली तर न्हाव्याला, बसवाला थांबा सोडून पुढे गेला तर बसवाल्याला. स्पष्ट, तीन शब्दांत, आणि मागून हसायचं नाही. हसलीस की सांगितलेलं पुसलं जातं.

इथे सगळं ठीक. गॅलरीतल्या कुंडीत कबुतराने संसार मांडलाय. मी रोज त्याला निघायची नोटीस देते, ते मान हलवतं.

एक विचारायचं होतं. तुमच्या त्या यंत्रात बर्फ पडतो का? आणि पंखावर साचलेला दिसतो का? खऱ्यासारखा?

लोभ आहेच, तो तिकडूनही येऊ दे,
आत्या

---

ता. २० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा उपाय सुरू केला. पहिल्या दिवशी खानावळीच्या व्यवस्थापकांना सांगितलं, घड्याळ मागे आहे. ते म्हणाले, नाही. मी म्हणाले, आहे. इतकंच, पण त्या दिवशी भाजी मागायला पुन्हा त्यांच्यासमोर गेले नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात एका आजोबांना सांगितलं की ते पुस्तक उलटं धरून बसलेत. ते झोपले होते.

बर्फाचं विचारलंस म्हणून यंत्रावरच्या बाईंना गळ घातली. काल दुपारी तीन वाजता त्यांनी माझ्यासाठी बर्फ पाडला. काय सांगू! आवाज नाही, गारवा नाही, नुसतं पांढरं उतरत राहणं. धावपट्टी हळूहळू पुसली जाते. आम्ही दोघी बघत बसलो. बाहेर कडक ऊन होतं, हे दार उघडल्यावर आठवलं.

पण पंख कॉकपिटमधून दिसतच नाहीत. ते दिसतात मागे, प्रवाशांच्या खिडकीतून. त्यासाठी शेजारच्या खोलीत एक जुनं, न हलणारं सिम्युलेटर आहे. त्याला विमानाचा खराखुरा तुकडाच जोडलाय, पाच रांगांचा. खिडक्यांत पडदे, पडद्यावर पंख. तिथे हवाई सेविकांना आणि आम्हाला एकत्र शिकवतात. बाई म्हणाल्या की पंखावर बर्फ चिकटला तर विमान नीट उचललं जात नाही, आणि तो मागच्या सेविकेलाच आधी दिसतो. म्हणून कॅप्टन कितीही चिडका असो, तिने पुढे जाऊन सांगायचंच. असा एक जुना अपघात आमच्या धड्यातही आहे. कुणालातरी दिसलं असणार, असं त्यात लिहिलंय. कुणाला, ते नाही.

आत्या, मी तुला इतकं सगळं लिहिलं आणि तू विचारलंस फक्त बर्फाचं. का गं? तू विमानात नोकरी करायचीस आणि तिथल्याच एका अपघातात तुझा कान गेला, एवढं मला माहीत आहे. घरात कुणी त्यावर बोलत नाही म्हणून मीही कधी विचारलं नाही. नको वाटलं तर लिहू नकोस.

तुझी,
टकळी

---

ता. २९ जानेवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं एका दमात लिहिते आणि वाचून न बघता पेटीत टाकते.

मी तेव्हा अठ्ठावीसची. आम्हाला हवाई सुंदरी म्हणत. सुंदरीने हसायचं असतं. छोटं विमान, पन्नासेक प्रवासी, दुपार उलटून गेलेली. धावपट्टीच्या तोंडाशी आम्ही वीस मिनिटं थांबलो होतो आणि बर्फ पडत होता. आधी तो पंखावर पडून वितळत होता. मग वितळेना. मग पंखाची रंगवलेली पट्टी दिसेनाशी झाली.

मागच्या रांगेत एक गृहस्थ होते, राखाडी मफलरवाले. त्यांनी मला खुणेने बोलावलं, खिडकीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हे असं चालतं का? मी म्हणाले, विचारून येते. मी पुढे गेले. कॉकपिटच्या दारावर टकटक करायला हात उचललाही. त्याच आठवड्यात आमच्या एका मुलीला कॅप्टननी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं, की विमान कसं चालवायचं ते मला शिकवू नका, तुम्ही प्रवाशांच्या सरबराईचं बघा. ते मला आठवलं. वाटलं, त्यांना कळत नसेल का? एवढी वर्षं उडवतायत. मला जास्त कळतं का?

मी हात खाली घेतला. परत गेले आणि त्या गृहस्थांना हसून सांगितलं, कॅप्टनना माहीत आहे.

विमान झाडाच्या उंचीएवढं उचललं गेलं आणि कुशीवर वळून शेतात पडलं. सात माणसं गेली. कॅप्टन गेले. मफलरवाले गृहस्थही गेले. माझा एक कान गेला, आणि सगळे म्हणाले, थोडक्यात वाचली.

चौकशीत मला खूप विचारलं. दारं उघडली का, पट्टे तपासले का, किती जणांना बाहेर काढलं. बारा जणांना काढलं होतं, त्याचं कौतुकही झालं. पंखावर काय दिसलं, हे कुणी विचारलं नाही. जे विचारलं त्याचंच मी उत्तर दिलं. दादालाही आजवर ठाऊक नाही.

आता तुझ्या उंचीच्या काट्याबद्दल. तुझी काच लाल होते आणि दार उघडून तू ऊन बघायला बाहेर येतेस. बाळ, अजून शंभरदा लाल होऊ दे. पण तिथेच राहा, बोल, आणि मगच बाहेर ये.

हे वाचून माझ्यावरचा लोभ कमी झाला तर तसं स्वच्छ लिही. स्वच्छ बोलायचंच तर ठरलंय आपलं.

आत्या

---

ता. १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि गळ्यात पडून नमस्कार.

लोभाचं पहिल्यांदा. तो वाढलाय. पुढे वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी खानावळीत गेले आणि कारण नसताना घड्याळ बरोबर लावलंय का ते बघून आले. लावलं होतं.

परवा परीक्षा झाली. तेच धुकं, तेच सर. बाईंनी या वेळी पहाट की संध्याकाळ विचारलं नाही. उंची कमी होत गेली. मी म्हणाले, सर, उंची संपली, वर चला. सरांनी ऐकलं नाही. मला एकदम तुझा हात दिसला, दारासमोर उचललेला. मग मी जे ओरडले, ते घरी धाकट्या भावाने माझा डबा पळवला की ओरडते त्या सुरात. सोडा म्हणाले. सरांना, सोडा! आणि दांडा माझ्याकडे ओढून विमान वर काढलं. आम्ही धुक्यातून बाहेर आलो तर वर लख्ख ऊन. खाली सगळं पांढरं, सपाट, आणि आम्ही त्याच्यावरून सावकाश चाललो होतो.

दार उघडल्यावर सर मिशीतून म्हणाले की तोंड सापडलं म्हणायचं. पास झाले, आत्या! येत्या सोमवारपासून खऱ्या विमानावर.

आता माझा एक गुन्हा. यंत्रावरच्या बाईंना मी तुझं सांगितलं. नाव नाही, पण धड्यातल्या त्या अपघातावरून त्यांनी ओळखलं. मग म्हणाल्या की तुझ्या आत्यांना यायचं असेल तर त्या जुन्या सिम्युलेटरमध्ये मी त्यांच्यासाठी बर्फ पाडीन. शिकाऊ मुलं प्रवासी होऊन बसतील, सर कॅप्टन होतील. यायचं नसेल तर कुणी पुन्हा विषय काढणार नाही. मी तेव्हा कुठेतरी आभाळात असेन. कदाचित तेच बरं.

रागावली असशील तर उजव्या कानाने फोन कर.

तुझी,
टकळी

---

ता. ३ मार्च

चि. टकळीस, आता वैमानिक झालीस म्हणून सौम्य आशीर्वाद,

रागावले होते, चांगले नऊ दिवस. दहाव्या दिवशी दादाला सगळं सांगितलं. त्याने उठून माझ्या चपला दाराशी नीट लावून ठेवल्या आणि विचारलं, गाडी किती वाजता काढू?

तुझी ती पाच रांगांची खोली पाहिली. आसनांना तोच जुना कापडी वास येतो. बाईंनी खिडकीत बर्फ सुरू केला. खोटं आहे, पडदा आहे, असं मनाशी म्हणत मी उभी होते. पण पट्टी दिसेनाशी झाल्यावर ते म्हणणं थांबलं.

पुढे गेले. टकटक केलं. सांगितलं, पंखावर बर्फ आहे. तुझे सर वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, तुम्ही प्रवाशांकडे बघा. त्यांनी तसं म्हणायचं हे ठरलेलंच होतं, मला आधी सांगूनही ठेवलं होतं. तरीही टकळे, काय झालं माहीत आहे? एकसष्ट वर्षांची मी, पंधरा वर्षांनी लहान माणसाला म्हणाले, बरं सर. आणि वळले.

दोन रांगा मागे गेले. पाय थांबले. आसनाची पाठ धरली. मुलं माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, बाई आता सराव थांबवतील, पाणी देतील, आणि मला घरी जाता येईल. बाईंनी थांबवलं नाही. इंजिनाचा आवाज वाढायला लागला.

मी परत गेले. या वेळी टकटक केलं नाही. दार उघडून म्हणाले, पंखावर बर्फ आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि तो काढल्याशिवाय हे विमान जागचं हलायचं नाही. एक कान गेलेल्या माणसाला आपला आवाज केवढा ते कळत नाही. सर दचकले, तेही खरोखर. त्यांनी इंजिनाचे दांडे मागे घेतले. आवाज उतरत उतरत गेला आणि शांत झाला.

मी विचारलं, आता पुढे काय असतं? बाई म्हणाल्या, पुढे काहीच नाही. विमान उडालं नाही, सराव इथेच संपतो.

पण कुणी उठेना. म्हणून मी रांगांमधून फिरले, पट्टे बघितले, एकेकाला सांगितलं की थोडा उशीर होईल. दर बुधवारी येऊन शिकवाल का, असं सरांनी नंतर विचारलं, मी हो म्हटलंय. पण तेव्हा मी मागच्या रांगेत खिडकीशी बसले. दादा शेजारी येऊन बसला. बाईंनी विचारलं, बर्फ थांबवू का? मी म्हणाले, राहू दे थोडा वेळ. आम्ही दोघं बराच वेळ तो पडताना बघत होतो.

आहे तसा लोभ जपून ठेव, सवय झाली आहे मला त्याची.

तुझी,
आत्या