उलटा लावलेला बिल्ला

मी, आग विझवणाऱ्यांचे बिल्ले कोरणारी, वरच्या पथकाच्या नायकाची विधवा, डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्मायचाय.

१. राहते घर, हत्यारे आणि जुन्या बिल्ल्यांचा संग्रह लेकीला. काठाने पानांची वेल, मध्ये तिरप्या दोन कुऱ्हाडी, वर शिडी ही नक्षी सासऱ्यांची. ती घासून चकचकीत करू नये. खाचांत काजळी असली तरच पाने उठून दिसतात. कौतुक करायला येणाऱ्या दीडशहाण्यांना हात लावू देऊ नये.

२. नवऱ्याचा बिल्ला. तेव्हा गावात दोन पथके होती. नळाला पाइप आधी जोडेल त्याची आग, आणि हरलेल्या नायकाचा बिल्ला ओरबाडून जिंकणाऱ्याने उलटा मिरवायचा, अशी रीत. दोरखंडाची वखार पेटली तेव्हा नळ माझ्या नवऱ्याने आधी धरला. खालच्या पथकाचा नायक त्याचाच सख्खा धाकटा भाऊ. त्या मेल्याने पाइपाच्या पितळी तोंडाने नवऱ्याची कवटी फोडली, पडल्यावरही हाणतच राहिला. बिल्ला ओढला तेव्हा पिनेबरोबर कातडी आली. वखार जळून खाक झाली.

संध्याकाळी तो बिल्ला उलटा लावून माझ्या दारात हजर. म्हणाला, "वहिनी, रीत म्हणजे रीत."

मी त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबला आणि हातोडीने बोटे मोडली. बिल्ला काढून घेतला. चौकशीत सगळ्यांनी 'झटापट' म्हणून हात झटकले. तेव्हापासून त्याचे एकच पालुपद, बिल्ला माझा.

बरं भाऊजी, सदर बिल्ला मी दिरास देत आहे.

३. वरीलपैकी जे देणे कायद्याने रद्द ठरेल, ती वस्तू लेकीची.

वकील म्हणतात, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही. त्याच्या नावे लिहिलेले रद्द होते. भाऊजींना एवढेच कळवले आहे की बिल्ला तुमच्या नावे केलाय, सहीला या. कागद दुमडून फक्त सहीची जागा पुढे करीन. हावरट माणूस, वाचणार नाही.

पोरी, तो बिल्ला तुझ्या कोटावर लाव. सरळ लाव.

ठिकाण: माझे कामाचे टेबल
तारीख: वकिलांनी वर घातली तीच
सही: बिल्लेवाली

साक्षीदार: शेजारचा न्हावी
साक्षीदार: दीर, खालच्या पथकाचा माजी नायक (सही डाव्या हाताने, चालते, विचारून घेतले आहे)