पडवीत बसलेली पोरं

प्रिय संदेश,

डालडाच्या रिकाम्या डब्यात काजूच्या बिया घालून हलवल्या की कसा आवाज यायचा, आठवतं का तुला? धड खडखड नाही, धड खुळखुळ नाही. तुझी आई सकाळी बालवाडीच्या पायरीवर उभी राहून तो डबा हलवायची आणि वरच्या आळीतून, पऱ्याच्या पाण्यापलीकडून, गवताच्या उडवीमागून पोरं धावत सुटायची. तू सगळ्यात शेवटी यायचास, कारण बाईंचाच मुलगा, तुला कोण ओरडणार. मी तेव्हा पालीला एसटी पकडायला निघालेला असायचो. बंदर खात्यात दिवसभर पावत्या फाडायच्या, पण घाटी उतरेपर्यंत मागून पोरांचा एकसुरी आवाज यायचा: एक बी रुजली, दोन पानं हसली, तीन थेंब पिऊन चार बोटं वाढली. आईनंच रचलेलं ते. मी तिला म्हणायचो, यमुनाबाई, मात्रा चुकतात. ती म्हणायची, पोरं चुकत नाहीत ना, मग झालं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू घाईत असतोस. मी एखादं वाक्य जुळवेपर्यंत तू "बरं बाबा, ठेवतो" म्हणतोस आणि उरलेलं मी चहाबरोबर गिळतो. शिवाय मी पडलो शाळेतल्या कवितांचा माणूस. चौथीच्या पुस्तकातल्या कविता आम्ही बाकावर डोलत चालीवर म्हणायचो. अर्थ मागाहून कळायचा, कधी कधी पंचवीस वर्षांनी. त्या सवयीमुळे मला अजून सरळ बोलायला जमत नाही, वळसा घालून यावं लागतं. शिमगा तोंडावर आलाय, सानिकाच्या पहिल्या पालखीसाठी तुम्ही तिकडे कपडेसुद्धा शिवून ठेवलेत, नम्रतानं मला फोटो पाठवला होता. तिनं लागोपाठ तीन वर्षं पालखीपुढे पदर पसरला तेव्हा ही पोर झाली, हे मी विसरलेलो नाही. म्हणून पुढचं शांतपणे वाच.

वाडी आहे तशीच आहे, म्हणजे निम्म्या घरांना कुलपं. बालवाडी बंद झाली तेव्हा वरून कागद आला की मुलं उरली नाहीत, आता खालच्या गावात पाठवा. वाडीनं तो मुकाट्यानं मान्य केला. देवळाच्या पायरीवर बसून आम्ही म्हातारे रोज एकच रडगाणं गातो, वाडी ओस पडली, पोरांचा कालवा ऐकू येत नाही. आणि कातळावरच्या कलमांच्या बागांतून पोरांचा कालवा खाली येत असतो, तो मात्र कुणाच्या कानावर पडत नाही. पूर्वी राखणीला नेपाळी गडी एकटे यायचे. आता बायको येते, पोरं येतात, एखादं इथेच जन्मतं. एकेका मांगरात, बागेतल्या त्या खोपटात, दोन-दोन, तीन-तीन चिल्लीपिल्ली. गेल्या चार-पाच वर्षांत इतकी वाढलीत की तुझ्या आईला खोली पुरली नसती. पण ती कुणी मोजत नाही. मोजायची आपली, आणि आपली तर कांदिवलीला.

गंगाराम म्हणतो ते तू ऐकलं असशील. गावकीचा मुख्य तो, शिवाय वरच्या दोन मोठ्या बागा त्याच्याकडे कराराने, म्हणजे ही बहुतेक माणसं त्याचीच. त्याला भीती वेगळीच. "अण्णा, आमची पोरं कमी होतात नि ह्यांची वाढतायत. उद्या ह्यांची नावं लागतील, रेशन मागतील, परवा पालखीला खांदा मागतील." मी म्हटलं, मागू दे की, तुमची खांदे द्यायला येतात कुठे, आल्यावरही अर्धा वेळ व्हिडिओ काढत असतात. त्यावर तो हसला, पण त्या हसण्यात दात जास्त होते.

आता दीपकचं सांगतो. मनिषा नावाची बाई आहे, गंगारामच्या खालच्या बागेत नवऱ्याबरोबर राहते. दीपक तिचा, तीन वर्षांचा. ही बाई गवत काढायला, आंबा निवडायला जाते तेव्हा पोराच्या कमरेला जुनी साडी बांधून दुसरं टोक कलमाच्या बुंध्याला बांधते. नाहीतर विहिरीत जाईल, सापाच्या तोंडी जाईल, काय करील ती तरी. मी संध्याकाळी वर फिरायला जायचो तेव्हा हा मला पाहून ओरडायचा, हाऽऽ हूऽऽ, आणि हातातल्या काठीनं पत्र्याचा डबा बडवायचा. मला वाटायचं, काय गोड स्वागत आहे. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की त्याला तेवढंच बोलता येतं. वानर हाकायची आरोळी. दिवसभर त्याच्या कानावर माणसाचा तेवढाच आवाज पडतो, तर दुसरं काय शिकणार. तुझी आई म्हणायची, सहा वर्षांचं पोर पहिलीत येतं ते निम्मं घडून आलेलं असतं, उरलेल्या निम्म्यावर मास्तर शेखी मिरवतो. मी तेव्हा ते तिचं धंद्याचं कौतुक समजायचो.

फवारणीच्या दिवसांत एकदा हा गाठ सोडवून निसटला. बांधाजवळ औषधाची रिकामी बाटली पडलेली, ती त्यानं वाडीच्या टाकीच्या नळाखाली धरून भरली आणि प्यायला. मी तिथूनच येत होतो. पोराच्या तोंडाला फेस, डोळे फिरलेले. मनिषा आणि मी त्याला रिक्षात घालून रत्नागिरीला नेला. रस्ताभर ती त्याच्या छातीवर हात ठेवून काहीतरी गुणगुणत होती, त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण चाल कळली. वाचला तो. तिसऱ्या दिवशी आम्ही परत आलो, तर त्याच संध्याकाळी गावकीची बैठक. मला बरं वाटलं, म्हटलं माणुसकी शिल्लक आहे. बैठकीत ठरलं काय, तर टाकीच्या नळाला कुलूप लावायचं. त्या लोकांची पोरं बाटल्या धुतात, वाडीचं पाणी खराब होतं. पोराचं कसं आहे, एवढंही कुणी विचारलं नाही. मी उठून सांगितलं, तो बरा आहे. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "बरा हाय ना, मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीच्या खोलीची किल्ली मागितली. तुला ठाऊकच आहे त्या खोलीत आता काय असतं. वाडीच्या मुंबई मंडळाच्या खुर्च्या, स्पीकर आणि मोसमात गंगारामचे आंब्याचे खोके. खोली मंडळाच्या सामानाला द्यायची, हे मुंबईच्या सभेत ठरलं तेव्हा चिटणीस तूच होतास. मी तेव्हा काही बोललो नाही. आईचं नाव भिंतीवर होतं त्यावर चुना फिरवला तेव्हाही बोललो नाही, म्हटलं चुना सगळ्यांवरच फिरतो. किल्ली मागितल्यावर गंगाराम म्हणाला, "खुर्च्या काय नेपाळात नेऊन ठेवू?" आणि बाकीचे हसले. त्यातले दोघे तुझ्या आईच्या हाताखाली क ख ग शिकलेले, तिच्याच पदराला नाक पुसलेले.

मग मी आपली पडवी उघडली. चटई टाकली, आईच्या ट्रंकेतले लाकडी ठोकळे काढले, त्यांना वाळवी लागली नव्हती हे नवलच. पहिल्या दिवशी दोन पोरं आली आणि कोपऱ्यात बसून माझ्याकडे पोलिसाकडे बघावं तशी बघत राहिली. आता पडवी भरते. मला शिकवायला येत नाही रे. मी आपला हात धुवायला लावतो, रंग दाखवतो, कविता म्हणतो. त्यांना मराठी कळत नाही, मला त्यांची भाषा कळत नाही, पण डोलायला भाषा लागत नाही. दुपारी पेज नाहीतर खिचडी. दीपक महिनाभर काही बोलला नाही. मग एका सकाळी खिडकीवर वानर येऊन बसलं, पोरं ओरडली, आणि हा पठ्ठ्या त्याच्याकडे बोट करून म्हणाला, "ये, बस." मी त्याला रोज दारात म्हणतो तेच शब्द, माझ्याच सुरात. मी आत जाऊन आईच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिलो.

ते सुख फार टिकायचं नव्हतं. शिमग्याच्या कामांची वाटणी ठरवायला गावकी बसली आणि गंगारामनं सगळ्यांदेखत मला सांगितलं की पालखी बसते त्या पडवीत परक्यांची पोरं हगतात-मुततात, ती घालवा, धुऊन काढा, नाहीतर पालखी यंदा तुमच्या पायऱ्या चढणार नाही. संदेश, मी त्याचं तोंड बघत होतो. दरवर्षी आपल्या पडवीत पालखीपुढे उभा राहून गाऱ्हाणं तोच घालतो. घराघरात पाळणा हलू दे, लेकरांना सुखी ठेव, म्हणून डोळे मिटून देवाला साकडं घालतो, आणि आवाज इतका लावतो की माझ्यासारख्याच्या अंगावर काटा यावा. त्याच तोंडानं हे. मी विचारलं, लेकरं म्हणजे सात-बारा असलेलीच का? तर म्हणाला, "अण्णा, कविता घरात करा."

तुला मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, बाबा, आठच दिवस पोरांना नका बोलावू. पालखी होऊन जाऊ दे, मग काय ते करा, कशाला वाकडं घ्यायचं. तुझं बोलणं शहाण्या माणसाचं होतं. मी वाद घातला नाही. एक दिवस तुझं ऐकलंही. मनिषाला निरोप पाठवला, उद्यापासून आठवडाभर नको. तिनं का म्हणून विचारलं नाही. ह्या लोकांना "का" विचारायची सवय कुणी लावूच दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी पडवी लखलखीत धुतली आणि खुर्ची टाकून बसलो. कविता आठवेना. दुपारी उन्हातून वर चढलो. शेवटची फवारणी आणि आंब्याचा पहिला तोडा एकाच वेळी चालू होते, माणसं नाकाला फडकी बांधून फिरत होती. दीपक त्याच कलमाला बांधलेला. या वेळी साडीची गाठ मागे, पाठीवर, हात पोचू नये अशी. झाडावर वानर नव्हतं, कुणीच नव्हतं, तरी तो डबा बडवत होता, हाऽऽ हूऽऽ. मला त्यानं ओळखलं. ओळखून ओरडायचा थांबला, आणि मान वळवून बसला.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. काल मी गावकीत जाऊन सांगून आलो की पोरं उद्यापासून पुन्हा बसतील, पालखीच्या दिवशीही बसतील, देवाला अडचण वाटत असेल तर त्यानं पुढच्या घरी जावं. सोपं नव्हतं. खोटं कशाला सांगू, सत्तर वर्षांत पालखी आपलं घर टाळून गेलेली मी पाहिलेली नाही. माझ्या आजोबांच्या काळात प्लेग आला होता तेव्हाही ती आली होती म्हणतात. पण ठरलं. यंदा ढोल आपल्या फाटकाशी येईल, पालखी वळेल आणि पुढच्या घरी जाईल. कदाचित पुढच्या वर्षीही. तेव्हा तुम्ही येऊ नका. नम्रतानं सानिकाला नटवून दारात उभं राहावं आणि समोरून पालखी पाठ करून जावी, हे मला बघवणार नाही, तिला तर नाहीच. तिला तू सांग, माझ्या तोंडून निघणार नाही. मंडळात तुझी मान खाली जाईल हेही मला कळतं. बाप हट्टी निघाला म्हणून सांग त्यांना, ते लगेच विश्वास ठेवतील. फक्त एवढं मनात असू दे की आठ दिवस ही गोष्ट तुला आणि मला लहान आहे. तीन वर्षांच्या पोराला ती त्याच्या उभ्या आयुष्यातली केवढी तरी मोठी आहे.

तब्येत बरी आहे. गोळ्या घेतो.

तुझाच, अजूनही,
बाबा

ता. क. पाकिटावर पत्ता लिहीत होतो तर फाटकाशी रिक्षा थांबली. पोरं खिचडी टाकून कठड्याशी धावली. नम्रता आहे. शिमग्याला अजून आठवडा आहे, आणि रात्रभरच्या गाडीनं तिचे डोळे सुजलेत. कडेवर सानिका, दुसऱ्या हातात बॅग. माझ्या पाया पडायच्या आधी तिनं पोरीला पडवीत नेऊन चटईवर बसवलं, दीपक आणि दुसऱ्या एका पोरीच्या मध्ये. मग म्हणाली, "बाबा, तुमचा फोन आला तेव्हा मी ह्यांच्या शेजारीच होते. ह्यांना सांगून नाही आले." मी उठून फाटकापर्यंत गेलो. रिक्षातून आणखी कुणी उतरेल म्हणून जरा थांबलो. रिक्षा रिकामीच वळली.