तुळयांवरच्या भेगा

बोल्सवर्ड,
३ मार्च २०२३

ती. वीब्रेनकाकांस,
हिस्केचा सा. न. वि. वि.

काकूचा गुडघा कसा आहे? बेटावर अजून बोचरा वारा असेल. जन्मात फोन घ्यायचा नाही असा तुम्ही पणच केलाय, तेव्हा लिहिणं आलं.

गावातलं जुनं चीजचं गोदाम आम्ही उतरवतोय. हो, एकेक तुळई सुटी करून उतरवतोय, तुम्ही जन्मभर जुनी घरं पाडलीत तसं नाही. प्रत्येक तुळईचं स्कॅनिंग करून तिची मापं, लाकडाची जात, ताकद असा संगणकावर पासपोर्ट तयार होतो. ह्याच तुळयांवर गावाचं नवं समाजघर उभं राहायचंय.

पण प्रोग्रामने साठांपैकी अडतीस तुळया भेगाळलेल्या म्हणून बाद केल्या. तेरा तारखेला त्यांचा भुसा होणार आणि माझ्या तीन वर्षांच्या मेहनतीचाही. फार रडू येतंय, काका. सगळ्या भेगा नेमक्या सांध्याजवळच कशा? एक फोटो सोबत ठेवलाय. तुम्ही हसणार, माहीत आहे.

राग नसू द्या, माया असू द्या.
तुमची हिस्के


शीर्मोनिकोख,
७ मार्च

चि. हिस्केस, अ. उ. आ.

काकूचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. फोटो पाहून हसलो, पण तुला नाही, तुझ्या यंत्राला. अगं वेडे, ह्या भेगा नव्हेत, सुतारांचे आकडे आहेत! सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, छिन्नीने रोमन आकडे खोदायचे, मग सुटा करून वर चढवायचा. तुझ्या फोटोत सात आहे. शेजारची आडवी बारीक खूण म्हणजे डावी बाजू. नऊ शोधशील तर पाचापुढे चार रेघा सापडतील, ते लोक तसंच लिहायचे.

तुमच्या लाकूड तपासनिसाला म्हणावं, तार खुपसून बघ. भेग असेल तर आत जात राहील, आकडा असेल तर लगेच तळ लागेल.

असे शेकडो आकडे मी करवतीखाली घातले, शेगडीत जाळले. आज लाज वाटते. तू हे होऊ देऊ नकोस.

म्हाताऱ्यांची आठवण ठेव.
तुझा काका


बोल्सवर्ड,
१४ सप्टेंबर

ती. काकांस, सा. न. वि. वि.

जिंकलो! मार्चमध्ये तारेला अडतीसही ठिकाणी तळ लागला हे कळवलं होतंच. त्यानंतर ताकदीच्या चाचणीत एकही तुळई नापास झाली नाही. प्रोग्रामला आम्ही आकडे वाचायला शिकवलं आणि कुठली तुळई कुठे जाणार हे त्यानेच मांडून दिलं.

तरी मुकादमाने डाव्या-उजव्या तुळईची गफलत केलीच. सांधा बसेना, तर पठ्ठ्या करवत मागायला लागला! मी तुमचं पत्र त्याच्या नाकापुढे धरलं. तुळयांची अदलाबदल केली आणि एका ठोक्यात सांधा बसला.

काल शेवटची तुळई चढली. सांगाडा पुरा झाला की बांधतात तशी माथ्यावर हिरवी फांदी बांधली, अख्ख्या गावाने बिअर प्यायली, मी सगळ्यांदेखत रडले. साठही पासपोर्टांत ‘जुळणी’पुढे तुमचं नाव आहे.

काकू आम्हाला नेहमी म्हणते, ‘तुमच्या काकांच्या हातचं दाखवायला काही नाही, सगळं पाडलेलंच.’ शनिवारच्या बोटीने तिला घेऊन या. आता उभं असलेलं दाखवा.

वाट पाहते.
तुमची हिस्के