गिअर खाली आला

३ नोव्हेंबर, सकाळ
ठरलं. अ‍ॅम्बेसेडरचा गिअर स्टिअरिंगवरून काढून खाली फ्लोअरवर आणायचा. काल समोरचा अंबरीश म्हणाला, "काका, स्टिअरिंगला गिअरचा दांडा? ही गाडी म्युझियमला द्या." हसत म्हणाला, पण त्याचा डोळा गाडीवर आहे. मी वैतागून विकावी म्हणून हे टोमणे. इथे बरखेड्याच्या कारखान्यात आयुष्यभर टर्बाइनं जोडली मी. एक दांडा खाली आणणं म्हणजे काय! आठवड्यात काम फत्ते.
बायकोला, वसुधाला सांगितलं. चक्क "करा की" म्हणाली. माझ्या कुठल्याही कल्पनेला ती इतक्या पटकन हो म्हणत नाही. संशयास्पद.

५ नोव्हेंबर
करोंदला रईसभाईच्या गॅरेजमध्ये गाडी टाकली. दुसरा गिअरबॉक्स बसवून फ्लोअरला भोक पाडणार. मी स्वतः काढलेलं ड्रॉइंग दिलं. त्याने ते व्यवस्थित चहाच्या ग्लासाखाली ठेवलं.
माणूस फारच गोड बोलतो. माझे ओरिजिनल पार्ट विकणार. उद्यापासून तिथे खुर्ची टाकून बसायचं.

९ नोव्हेंबर
रोज बसतोय. आज रईसभाईने विचारलं, "साब, घर पे कोई काम नहीं है क्या?" म्हणजे मी नको आहे. म्हणजे काहीतरी आहेच. आता डबाही घेऊन जाणार.
वसुधा आनंदाने डबा देते म्हणाली. मग म्हणते, हाफ क्लच म्हणजे काय हो? कशाला? तर "सहज". हिला क्लचचं सहज काय पडलंय? अंबरीशने विचारायला लावलं असणार.

१४ नोव्हेंबर, दुपार
गॅरेजची लाइट गेली म्हणून लवकर परतलो. घराला कुलूप. थोड्या वेळाने वसुधा आली. साडी, पायात स्पोर्ट्‌स शूज, चेहरा लाल. भजनाला गेले होते म्हणे. तेवढ्यात अंबरीश गेटवरून ओरडला, "काकू, आज एकदम मस्त!" मग त्याला मी दिसलो. काय मस्त, विचारलं. म्हणाला, "भजन." याला भजनातलं काय कळतं?
सौदा ठरलाय. मला न विचारता गाडी विकताहेत. गाडीची दुसरी किल्ली उशीखाली ठेवली.

२० नोव्हेंबर
गाडी आली! दांडा खाली, काळी मूठ, एकदम स्पोर्टी. कॉलनीत चक्कर मारली. हात सारखा स्टिअरिंगकडे जातो आणि हवेत फिरतो. रईसभाईने जागाच चुकवली आहे. तरी दोन दिवसांत हात बसेल. रविवारी मिसरोदला मुलीकडे, शमिकाकडे जायचं. जावयाला दाखवू.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ
होशंगाबाद रोडला सिग्नलवर थांबलो. हिरवा झाला. सवयीने हात वर गेला, मग घाईने खाली आणला आणि पहिला टाकला. तो रिव्हर्स होता.
मागे पेरूची हातगाडी. माणूस बचावला, पेरू रस्ताभर. गर्दी, हॉर्न, "अंकल, चलाना नहीं आता क्या?"
वसुधाने पेरूवाल्याची माफी मागितली, मग माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाली, "उतरा."
आणि ती गाडी चालवू लागली. पहिला, दुसरा, तिसरा. दांड्याकडे बघावंही लागलं नाही. भजनाच्या वेळेला ड्रायव्हिंग क्लास. अंबरीशने लावून दिलेला. म्हणाली, "क्लासची गाडी खालच्या गिअरची. तुमचा वरचा मला जमलाच नसता, म्हणून करा म्हटलं."
लपवलंस का, विचारलं.
"तुम्ही शिकवायला बसला असतात."
मंडीदीपकडचे ट्रक जात होते. मग म्हणाली, "उन्हाळ्यात तुमच्या छातीत दुखलं तेव्हा गाडी दारात होती आणि मी अंबरीशची बेल वाजवत उभी होते. पुन्हा तशी उभी राहणार नाही."
ते पित्त होतं, असं सांगितलं. ती रस्त्याकडेच बघत होती. डोळे पुसायला मात्र तिने सिग्नलची वाट पाहिली. मीही खिडकीबाहेर पाहिलं. धूळ फार त्या रोडला.

२७ नोव्हेंबर
मूळ योजना माझी, त्यामुळे ती शिकली याचं श्रेय माझंच. पण रोज गाडी तीच नेते. आज बँकेत मला बसने जावं लागलं.
रईसभाईला गुपचूप फोन केला. गिअर परत वर बसवता येईल का?
म्हणाला, "मॅडम का फोन आ चुका है साब. बोलीं, साब पूछें तो हाँ-हाँ करके रख देना." मग "हाँ-हाँ" म्हणाला आणि फोन ठेवला.