मामाची पिवळी साडी

द्वारका, नाशिक
१० एप्रिल २०२५

ती. उज्ज्वलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून आईच्या नियमाप्रमाणे रागाचं बोलणं पत्रात.

तुझ्या लेकीने, म्हणजे माझ्या एकुलत्या एक भाचीने, काल मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलंय की लग्नात मामाने द्यायची पिवळी साडी मी ऑनलाइन पसंत केली आहे, मामांनी फक्त बटण दाबावं. धन्य झालो. मामाचं साड्यांचं दुकान द्वारकेला सव्वीस वर्षं आहे, हे तेजस्विनीला कोणी सांगितलं नसेल बहुधा.

आता त्या साडीला फॉल-पिको कोण करणार, खोकं आणणारा? फोटोत हळदीसारखी दिसते, निघते भलतीच. आमच्याकडे बिचाऱ्या गिऱ्हाइकाला बसायला गादी, प्यायला चहा, रंग उन्हात बघायचा तर साडी दारापर्यंत नेणारे नाथाभाऊ. गिऱ्हाईक म्हणजे आमचा देव. पण हल्लीच्या पोरींना माणसं नकोत, मोबाइलवरचे पाच तारे हवेत.

चेष्टा पुरे. मला लागलंय, ताई. मंडपात तिला मी घेऊन येणार आणि तिच्या अंगावर कुठल्याशा गोदामातली साडी. लोक काय म्हणतील ते जाऊ दे, मलाच बघवणार नाही. साडी माझ्या दुकानातून जाणार नसेल तर मीही लग्नाला येणार नाही, असं दाजींना सांग.

लोभ असावा, आणि तो तरी ऑनलाइन मागवू नये.

तुझा,
शेखर


देवळा
१५ एप्रिल २०२५

चि. शेखरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इथे उन्हाळी कांदा काढायला आलाय, मजूर मिळत नाहीत. तरी तुझं पत्र घरात मोठ्याने वाचलं. गादी आणि चहापाशी तुझ्या दाजींना इतकं हसू आलं की ठसका लागला.

आता मी सांगते ते वाच, त्याच गादीवर बसून. पाडव्यानंतर दोन दिवसांनी तेजू नाशिकला आली होती. न सांगता तुझ्या दुकानात जायचं, पिवळ्या साड्या बघायच्या, एक पसंत पडली की तोंडावरचा स्कार्फ सोडून मामाला चकित करायचं, असा तिचा बेत. ऊन मरणाचं, त्यामुळे स्कार्फ डोळ्यांपर्यंत. तू मोबाइलमधून मान वर केली नाहीस. दुसऱ्या साडीला विचारलंस, घ्यायची आहे की टाइमपास. तिसरी मागितली तर म्हणालास, नुसत्या घड्या मोडायच्या असतील तर ऑनलाइन बघा.

पोरगी स्कार्फ न सोडताच दुकानाची पायरी उतरली आणि रिक्षात रडली. तू तिचा आवाजसुद्धा ओळखला नाहीस, हे तिला जास्त लागलंय. मग मामांची आज्ञा म्हणून ऑनलाइन बघितलं. मोठ्यांचं ऐकणारी पोर आहे.

गिऱ्हाईक देव असेल बाबा, पण तुझ्याकडे देवालाही आधी तोंड दाखवावं लागतं. लग्नाला यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी आग्रह करणार नाही.

माया आहेच, म्हणून इतकं लिहिलं.

तुझी,
ताई


द्वारका, नाशिक
२४ एप्रिल २०२५

चि. तेजस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

ताईचं पत्र नाथाभाऊंना वाचून दाखवलं. त्यांना ती स्कार्फवाली मुलगी आठवत होती. तू उतरलीस तेव्हा ते मला बोलणार होते, पण मालकाला कोण सांगणार, म्हणून साड्यांच्या घड्या घालत बसले.

तुला जे बोललो ते मी रोज कुणाकुणाला बोलत असणार. त्यांच्या आयांची पत्रं मला येत नाहीत, एवढंच. वर्षभर मी मोबाइलच्या नावाने बोटं मोडत होतो. माझं चुकलं, बेटा.

तू पाठवलेल्या फोटोवर बटण दाबलं. खोकं दुकानातच आलं, चार गिऱ्हाइकांसमोर उघडलं. एका बाईंनी विचारलं, हे काय. भाचीची साडी म्हणून सांगितलं. रंग अगदी फोटोतलाच आहे, हे लिहायला हात जड होतोय. फॉल-पिको करून घेतलंय. रविवारी घेऊन येतो.

लग्नाला येणार नाही असं मी ताईला लिहिलं होतं. ते विसर. तुला मंडपात घेऊन यायला मी चालेन का, तेवढं कळव.

लोभ उरला असेल तर असू द्यावा, ही विनंती.

तुझा,
शेखरमामा