आईला पाजलेलं टॉनिक

अप्पा, आईच्या स्मरणशक्तीच्या कॅप्सूल मी आज सकाळी टाकून दिल्या. ओल्या कचऱ्यात टाकाव्यात की सुक्या हे कळेना, म्हणून डबीसकट सुक्यात टाकल्या. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं होत आली, पण तुमची परंपरा तुमचा मुलगा इमानेइतबारे चालवतोय. स्वतः येत नाही, डबी घरपोच पाठवतो. डबीवर मेंदूचं चित्र आहे आणि त्यातून विजा निघतायत. आईच्या डोक्यातून अजून तरी काही निघालेलं नाही. मागच्या महिन्यात ती गॅसवर दूध ठेवून गॅलरीत जाऊन बसली. पातेलं करपल्याचा वास शेजारणीला आला, तिला नाही. आणि परवा चहा घेताना तिने मला अगदी अदबीने विचारलं, "आपण कुठल्या बिल्डिंगमधल्या?" मी तिची मुलगी आहे अप्पा, आणि धायरीच्या या फ्लॅटमध्ये तिच्याच शेजारच्या खोलीत झोपते.

तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. सिंहगड रोडवर बसतात, तरुण बाई आहेत, बोलायला सरळ. मी डबी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बारीक अक्षरातला मजकूर वाचला आणि डबी परत केली. म्हणाल्या, "रक्तात जीवनसत्त्व कमी असतं तर मीच दिलं असतं. यांचं व्यवस्थित आहे. कमी नसताना वरून घालून स्मरणशक्ती वाढते, असं मला तरी कुठे आढळलेलं नाही." मग त्या आईकडे वळल्या. "आजी, रोज चालायला जाता का?" आई म्हणाली, "ह्यांना नाही आवडायचं." "मैत्रिणी आहेत? जाणं-येणं?" "ह्यांना नाही आवडायचं." "वाचन, भजन, काही शिकणं, मंडळ?" पुन्हा तेच. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुठे असतात?" आई पदर सारखा करत म्हणाली, "ऑफिसला गेलेत." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली, आणि त्या क्षणी मला तुमचा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

मला आपलं सरकारी क्वार्टर आठवतं. सकाळचे सहा वाजलेत, स्वयंपाकघरात स्टोव्ह फुरफुरतोय आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून ओट्याशी उभे आहात. हातात तपकिरी बाटली, दुसऱ्या हातात चमचा. आधी मुलगा, मग मी, शेवटी आई. औषध आधी गोड लागतं आणि मग घशाशी कडू. गिळेपर्यंत तुम्ही समोरून हलत नाही. "गिळलं?" एवढंच विचारता. मग आमच्या टाळूवर बोट टेकवून म्हणता, "आपल्या बापजाद्यांकडे जमीन नव्हती. आपली जमीन इथे आहे. हिला खत घालायचं." या वाक्याला मी आजही हसत नाही. तुम्ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतून शिकून इथवर आलात, आपल्या सगळ्या नात्यागोत्यात ऑफिसच्या खुर्चीवर बसलेले पहिले तुम्ही. डोक्याची किंमत तुमच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? म्हणून तर जास्त चीड येते. अडाण्याने केलं असतं तर सोडून दिलं असतं.

आई सातवी पास होती. क्वार्टरमधल्या दोघीजणी महापालिकेच्या शाळेतल्या रात्रवर्गाला जायला लागल्या, दहावीच्या परीक्षेसाठी, आणि तीही गेली. काही आठवडेच गेली असेल, पण ते आठवडे मला लख्ख आठवतात. ती भाकरी थापता थापता पाढे म्हणायची. मला गणितं घालायची आणि माझ्याआधी सोडवायची. वर्गाहून त्या तिघी भराभर चालत यायच्या, आणि जिन्यात आईचं हसणं ऐकू यायचं. मोठ्यांदा हसायची हो ती! तुम्हाला हे आठवत असेल असं वाटत नाही. एक दिवस तुम्ही ताटावर बसलात आणि म्हणालात, "बास झालं आता." ती म्हणाली, "स्वयंपाक करून झाकून ठेवतेच की." तुम्ही म्हणालात, "झाकलेलं जेवायला लग्न केलं नाही मी." दुसऱ्या दिवशी तुम्ही नारायण पेठेतल्या औषधाच्या दुकानातून टॉनिकची मोठी बाटली घेऊन आलात. खास तिच्यासाठी. "शिकायचं ते घरी शीक. डोकं चालायला हे घे," म्हणालात. घरी तिला शिकवणार कोण होतं? मी चौथीत होते. तुम्ही पेपर वाचत होतात.

त्यानंतर एकेक गोष्ट गेली. विहारातलं महिला मंडळ गेलं, कारण तिथे बायका नुसत्या चकाट्या पिटतात. मंडईत जाणं गेलं, कारण "भाजी मी आणतो, तू कशाला दमतेस?" बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. बँक तुम्ही, वाणी तुम्ही, नातेवाइकांचे फोन तुम्ही. तिला वाटेत कुणाशी बोलायचं कारण उरलं नाही, हिशेब करायचं उरलं नाही, रस्ता लक्षात ठेवायचं उरलं नाही. राहिला तो चमचा. आणि एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमात तुम्ही विहाराच्या पटांगणात स्त्रीशिक्षणावर बोलायचात. सुंदर बोलायचात, हे कबूल करते. टाळ्या पडायच्या. आई पांढरी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसलेली असायची आणि तीही टाळ्या वाजवायची. मी तिच्याकडे बघायचे. तिच्या चेहऱ्यावर खोटं काही नसायचं, तिला खरंच अभिमान वाटायचा.

तुमच्यामुळेच हे झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत. तुम्हाला हे वाक्य आवडेल, घ्या. त्या म्हणाल्या की रोज डोंगर चढणारी, भरपूर वाचणारी, माणसांत रमणारी माणसंही विसरतात, कुणाच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही. चालणं, पुरेशी झोप, ब्लडप्रेशर ताब्यात ठेवणं, चार माणसांशी बोलणं, यांनी गेलेलं परत येईलच असं नाही, पण उरलेलं टिकायला मदत होते. एवढंच त्या म्हणतात. तुमच्यामुळे झालं असं मी म्हणते. मला पुरावा लागत नाही, तुम्हालाही त्या बाटलीसाठी कधी लागला नव्हता.

तुमच्या मुलाला फोन करून सांगितलं की डब्या पाठवणं बंद कर. तो म्हणाला, "ताई, रिव्ह्यूज तरी बघ ना, फोर पॉइंट फाइव्ह आहे." मी म्हटलं, "तू येऊन तिच्याबरोबर अर्धा तास चाल, तुला मी फाइव्ह देते." त्याला मीटिंग होती.

तर मग चालायला न्यायचं काम माझं. पहिल्याच संध्याकाळी आई दारापर्यंत आली, एका पायात चप्पल घातली आणि थांबली. "ह्यांना विचारलंस?" मी म्हटलं, आई, अप्पा जाऊन किती वर्षं झाली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी जीभ चावावीशी वाटली. ती उंबऱ्यातच बसून रडली, जणू आताच बातमी आली. नंतर पुन्हा हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. रोज ती दारात थांबायची आणि रोज तोच प्रश्न. तुम्ही राख होऊन वीस वर्षं झाली आणि अजून दारात आडवे उभे.

काल तिने विचारलं, "ह्यांना विचारलंस?" आणि मी म्हटलं, "विचारलं. जा म्हणाले."

तिने दुसरी चप्पल घातली. अप्पा, ती माझ्यापुढे जिना उतरली. गल्लीतून आम्ही विहारापर्यंत गेलो. तिथे बायका वंदनेला बसल्या होत्या, ती त्यांच्यात जाऊन बसली आणि वंदना तिला सगळी येत होती, एक शब्द चुकला नाही. परत येताना एका बाईने तिला "उद्या या हं" म्हटलं, तर ती म्हणाली, "येईन की, ह्यांची परवानगी आहे." वाटेत तिने माझा हात धरून हळूच विचारलं, "खरंच म्हणाले?" मी हो म्हटलं. "आणखी काय म्हणाले?"

काय सांगणार होते? तोंडाला आलं ते बोलून गेले. "म्हणाले, चुकलं माझं."

आई रस्त्यातच थांबली. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. ती म्हणाली, "बघ. मी म्हणत नव्हते, मनाने चांगले आहेत?"

तुम्ही जे आयुष्यभर बोलला नाहीत त्याचं श्रेय असं फुकटात घेऊन गेलात. आणि मला ते रोज द्यावं लागणार आहे, कारण ती रोज विचारणार. हे पत्र तुमच्या फोटोपुढे मोठ्याने वाचायचं ठरवलं होतं, ते आता जमणार नाही, ती ऐकेल. फाडूनच टाकते. पण एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, तिला सांगणार नाही. 'चुकलं माझं' हे तुमच्या नावाने म्हटल्यावर मला स्वतःलाही ते दोन पावलं चालेपर्यंत खरं वाटलं होतं.